गाऱ्हाण्यासाठी ओढलेली तार

माझी धाकटी बहीण वर्षातले पाच-सहा महिने गाडीत राहते. म्हणजे खरोखरच राहते. जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याच्या मागच्या सीट तिने काढून टाकल्या आणि आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी आणि टपावर सोलर असं सगळं बसवून घेतलं. काम केलं परळच्या एका सुताराने. त्याचा सगळा जन्म चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत माळे आणि घडीचे पलंग बसवण्यात गेलेला. गाडीत शिरून त्याने एकदा टेप लावली आणि म्हणाला, "ताई, एवढ्या जागेत आमच्याकडे सहा माणसं राहतात." लालबागच्या चाळीत वाढलेल्या बाईला गाडीत राहणं जड जायचं काही कारण नव्हतंच.

तिचं काम लॅपटॉपवरचं. व्हिडिओ चालू असताना खाली अक्षरं येतात ना, ती लिहिण्याचं. त्यामुळे गाडी कुठे उभी करायची हे इंटरनेट ठरवतं. इतरांना समुद्र दिसला की थांबावंसं वाटतं, हिला मोबाइलवर चार दांड्या दिसल्या की. गाडीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घातलेला राउटर आहे आणि टपावर उभा करायचा एक घडीचा खांब आहे. त्याच्या टोकाला पुस्तकाएवढा चपटा अँटेना असतो. गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, म्हणून सगळं डोक्यावर न्यायचं, टॉवर कुठल्या डोंगरावर आहे ते शोधायचं आणि खांब इंच इंच फिरवत बसायचं. हे सगळं ती मला फोनवर समजावून सांगायची, आणि मी हसायचो.

हसायचो, कारण मी तारेचा माणूस. टेलिफोन खात्यात तीस वर्षं केबल जोडली. रस्त्यात खड्डा, खड्ड्यावर लाल झेंडा आणि आत उकिडवा मी. लालबाग, परळ, दादर, पावसाळ्यात हिंदमाताला कमरेएवढ्या पाण्यात. हातात शेकडो रंगीत तारांचा झुबका असायचा आणि प्रत्येक तारेतून कुणाचा तरी आवाज जात असायचा. निळी-पांढरी कुणाच्या घरची, नारिंगी-पांढरी कुणाच्या, हे मला पाठ असे. तारेचं भांडण मला कळतं. हवेतून काय जातं आणि काय गळतं, त्याच्यावर माझा कधी भरवसा बसला नाही.

काकांचाही नव्हता. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून ते माझ्याजवळ, आमच्या लालबागच्या खोलीतच राहतात. पूर्वी परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. साच्यांच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज असा झाला की गॅलरीच्या या टोकाला त्यांनी शिंक दिली तर त्या टोकाची माणसं "शतायुषी व्हा" म्हणायची. आता चौऱ्याऐंशी वय, फुफ्फुसं थकलेली, नाकात प्राणवायूची नळी आणि पलंगाखाली तो घरघरणारा डबा. बहिणीच्या गाडीला ते 'बिऱ्हाड' म्हणत. "घर सोडून बिऱ्हाडात ऱ्हवता ती. लग्नाचा बघितला असता तर..." असं म्हणून वाक्य अर्धं सोडत. पुढचं अर्धं आम्हाला पाठ होतं.

आमच्या गावात वर्षातून एकदा राखण देतात. गावाच्या वेशीचा, रानाचा जो रखवालदार, तो राखणदार. त्याला कोंबडा, वडे, दारू आणि विडी द्यायची आणि गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्याने मागणं, घालायचं. आमच्या घराण्याची जागा गावापासून लांब, व्हाळाकाठी म्हणजे ओढ्याकाठी, काजऱ्याच्या झाडाखाली आहे. गाऱ्हाणं घालायचं घरातल्या सर्वांत थोरल्या पुरुषाने. तो एक एक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे उत्तर देतात, "होय म्हाराजा." ते उत्तर आल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. पन्नासएक वर्षं आमचं गाऱ्हाणं काका घालत आले. त्यात कितीतरी पिढ्यांची नावं येतात, कुणाला कुठला मान द्यायचा ते येतं, आणि हे सगळं फक्त काकांच्या डोक्यात.

लिहून द्या म्हणून मी कितीदा मागे लागलो. "लिवलेला वाचतत. गाऱ्हाणा म्हणूचा लागता," एवढंच उत्तर. मग म्हटलं, मोबाइलवर रेकॉर्ड करू. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मोबाइल खिशात घातला. "देव काय टेप ऐकता?"

खरं सांगायचं तर त्यांच्यानंतर थोरला मीच. गाऱ्हाणं मला यायला हवं होतं. लहानपणापासून मला काकांच्या अगदी बाजूला, पहिल्या रांगेत उभं करत. मी "होय म्हाराजा" ठणकावून म्हणायचो आणि वडे कधी मिळणार याचा विचार करायचो. पन्नाशी उलटल्यावरही मला पहिली चार वाक्यं आणि शेवटचं एक एवढंच येत होतं. मधल्या गाऱ्हाण्याचं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी काकांना प्रवास बंद केला. काकांनी ते ऐकलं, मान हलवली आणि त्या दिवसापासून जेवण अर्ध्यावर आणलं. विचारलं तर भूक नाही म्हणत. एका संध्याकाळी मला म्हणाले, "ह्या वर्सा राखण चुकतली." इतकंच. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं. रात्री मी बहिणीला फोन केला. ती तेव्हा कुठल्याशा घाटात होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "त्यांना नेता येत नाही ना? मग आवाज नेऊ."

मी तिला वेड्यात काढलं. काजऱ्याखालची जागा मला ठाऊक होती. दोन्ही बाजूंना चढ, वर झाडांचं छत. तिथे मोबाइलची एक दांडीसुद्धा कधी कुणी पाहिली नव्हती. पण काकांच्या कानावर गोष्ट गेली. मला वाटलं ते उडवून लावतील. त्यांनी नाकातली नळी सरळ केली आणि विचारलं, "माझो आवाज थंय, तेच येळाक?" त्याच वेळेला, असं मी सांगितलं. "मगे बघा," म्हणाले. त्या रात्री पूर्ण जेवले.

आठ दिवस आधी बहीण बिऱ्हाड घेऊन गावी गेली. काजऱ्याच्या वर जो कातळाचा उघडा सडा आहे, तिथे तिने गाडी लावली. सड्यावर उभं राहून फोन केला तर आवाज तुटत तुटत येत होता. "दादा, खाडीपलीकडच्या डोंगरावर टॉवर आहे. खांब उभा करतेय. सिग्नलचा आकडा वाचते हं, उणे जितकं कमी तितकं चांगलं." मग ती आकडे वाचू लागली. उणे एकशे बारा. उणे एकशे आठ. गाडी थोडी वळवली, खांब वाढवला, उणे अठ्ठ्याण्णव. मी लालबागला पलंगाच्या कडेला बसून ते ऐकत होतो. काकाही ऐकत होते, आणि प्रत्येक आकड्याला नकळत मान हलवत होते. शेवटी उणे चौऱ्याऐंशीवर तिने खांब आवळला आणि मला व्हिडिओ कॉल लावला. कातळ, पिवळं गवत आणि वर एवढं मोठं आभाळ. जन्मापासून मी या खोलीत राहतोय. या खोलीत एवढं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं.

पण सडा वर आणि काजरा खाली. चालत चालत ती उतरली आणि वीस पावलांवर सगळं बंद पडलं. दुसरं सिम लावून पाहिलं, सकाळ-दुपार-संध्याकाळ करून पाहिलं. खाली काहीच पोचेना. तेव्हा पहिल्यांदा माझं काम निघालं. मी म्हणालो, "हवेतून वरपर्यंत आलं ना? तिथून खाली तार टाक."

लॅमिंग्टन रोडवरून नव्वद मीटर केबल आणली. एका तुकड्यात शंभर मीटरपर्यंत चालते, त्यापुढे दम तुटतो. दोन्ही टोकांना कनेक्टर मीच बसवले. किती वर्षांनी हातात पक्कड धरली होती, पण रंग पाठ होते. मग ती केबल तपासायला आमच्या मजल्याच्या गॅलरीत पसरली. गॅलरी तीस पावलांची, म्हणून तीन फेऱ्या आणि उरलेली जिन्यावरून खाली. ज्याच्या त्याच्या दारात केबल, त्यामुळे ज्याला त्याला सांगावं लागलं. संध्याकाळपर्यंत तीनही मजल्यांना ठाऊक झालं होतं की काका मोबाइलवरून गाऱ्हाणं घालणार. केबल पास झाली. दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने गावाला गेली.

आमच्या बाजूचंही इंटरनेट मला पक्कं करून हवं होतं. खोलीत मोबाइलची रेंज मनात येईल तेव्हा असते. चहूबाजूंनी चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्यापासून तर जास्तच. शेजारच्या खोलीत आमच्या आंटी राहतात. ख्रिस्ती, मूळच्या मुंबईच्याच, हॉस्पिटलात नर्स होत्या, आता रिटायर. काकांचा प्राणवायू दिवसातून दोनदा बोटाला चिमटा लावून त्याच मोजतात आणि कमी आला तर मला झापतात. त्यांच्याकडे तारेचं इंटरनेट आहे. त्यांच्या दारावरच्या झडपेतून माझ्या झडपेत मी दुसरी तार ओढली. आंटी खाली उभ्या राहून शिडी धरत होत्या. "सगळं जोड," म्हणाल्या, "पण दहा मिनिटं. त्याच्यावर मी बोलू देणार नाही त्यांना. तो आकडा नव्वदच्या खाली गेला की मी बंद करणार, तुझा देव काय म्हणायचं ते म्हणू दे."

केबल पोचली त्या दिवशी बहिणीने ती सड्यावरून झाडाझाडांतून खाली उतरवली. खालच्या टोकाला छोटा राउटर आणि त्याला पॉवर बँक. ती वर सड्यावर आली की मी फोनवर सूचना देत होतो. "जमिनीवर ठेवू नकोस, ओल असते. उंच, सपाट, कोरडी जागा बघ." ती म्हणाली, "काजऱ्यापासून दहा पावलांवर एक सपाट दगड आहे, मस्त." मी म्हणालो, "तिथेच ठेव." ही सूचना माझी होती. ती मी विसरत नाही.

मग तिने टॅब्लेट काजऱ्याखाली ठेवला आणि आमच्या खोलीत व्हाळ वाहू लागला.

हे मला नीट सांगता येणार नाही. समोर टेबलावर एक स्पीकर, त्यातून पाण्याचा आवाज. दगडावरून उतरताना पाणी जसं आपल्याशीच बडबडतं, तसा. मागे कुठेतरी भारद्वाज घुमला. खाली रस्त्यावर नेहमीचे हॉर्न होते, मसाल्याच्या दुकानातून मिरच्या कांडणाऱ्या डंकाचा धपधप आवाज येत होता, आणि तरी खोलीत व्हाळच होता. तीस वर्षं मी माणसांचे आवाज इकडून तिकडे पोचवले, पण ते सगळे काम असलेले आवाज. पाण्याला आमच्याकडे काही काम नव्हतं. ते फक्त आलं होतं. काका उठून बसले, नळी सावरली आणि स्पीकरकडे झुकून म्हणाले, "पाणी कमी आसा ह्या वर्सा."

बहीण तिथून म्हणाली, "हो काका, कमी आहे." ती एक-दीड सेकंदाने म्हणाली, कारण आवाजाला जाऊन यायला तेवढा वेळ लागत होता. काकांना हा उशीर खटकला. "होय म्हाराजा असो उशिरा येतलो?" मी समजावू लागलो की आवाज आधी इथून तारेने जातो, मग टॉवरवरून हवेत, मग अँटेनात, मग परत तारेत. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "माका कळला. लांबचा आसा, येळ लागतलो." तालीम म्हणून दोन वाक्यं म्हणून बघा, असं मी सुचवलं. ते त्यांना मान्य झालं नाही. गाऱ्हाणं एकदाच, राखणीच्या दिवशी.

राखणीच्या दिवशी सकाळी अकराची वेळ ठरली होती. सकाळी काकांचा श्वास बरा असतो. आंटींनी वाफ दिली, बोटाला चिमटा लावला, चौऱ्याण्णव. काकांनी धुतलेलं धोतर नेसून टोपी घातली. खिडक्या मी बंद केल्या, मसाल्याचा खकाणा नको म्हणून. दार मात्र उघडं होतं, कारण गॅलरीत माणसं जमली होती. बोलावलं कुणी नव्हतं. बायका कामं टाकून आल्या होत्या, कोपऱ्यातले मास्तर वर्तमानपत्राची घडी हातात धरून होते. सगळी शिकली-सवरलेली, रोज मोबाइलवर तासन्तास व्हिडिओ बघणारी माणसं, आणि सगळी चपला काढून उभी.

मोबाइलच्या पडद्यावर काजरा होता. खाली केळीच्या पानावर वडे, बाजूला बाटली. गावचा चुलतभाऊ आणि भावकीतली पंधरा-वीस माणसं हात जोडून उभी, आणि पार मागे, बायकांत, बहीण.

काकांनी हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा..."

एक-दीड सेकंद काहीच नाही. मग स्पीकरमधून वीस गळ्यांचं आलं, "होय म्हाराजा."

काकांचा थकलेला आवाज हळूहळू भरत चालला. "आज वर्सातून एकदा तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत." होय म्हाराजा. "कोण गावाक आसा, कोण मुंबैक आसा, कोण वाटेर आसा." होय म्हाराजा. ते थांबत होते, पलीकडून उत्तर येत होतं, ते पुढे जात होते. उशिरासकट त्यांना ताल सापडला होता. साच्यावरच्या माणसाला ताल शिकवावा लागत नाही. आंटींनी चिमट्याकडे पाहून मला दोन बोटं दाखवली, ब्याण्णव.

"वाटेर उभो ऱ्हवणाऱ्या, डाव्या अंगाच्या म्हाराजा, तुझो मान तुका." होय म्हाराजा.

पडद्यावर चुलतभावाने बाटली उचलली आणि दहा पावलं चालत बाजूला गेला. पडद्याच्या कडेला तो सपाट दगड दिसत होता आणि त्याच्यावर आमचा राउटर. चुलतभावाने हात वर नेला, बाटली तिरकी केली आणि चित्र तिथेच थिजलं. व्हाळ बंद झाला.

तो दगड म्हणजेच डाव्या अंगाचा म्हाराजा. दर वर्षी त्याच्यावर दारूची धार पडते. ते मला ठाऊक असायला हवं होतं. चाळीसेक वेळा मी तिथे जातीने उभा होतो.

काका थांबून राहिले होते. उत्तर यायचं होतं. दोन सेकंद, तीन, पाच. मोबाइल माझ्या हातात होता आणि मी नुसताच बोट फिरवत होतो. काका श्वास धरून होते, आणि तो श्वास आता त्यांच्याकडे मोजकाच होता. गॅलरीत कुणी हलेना. आणि माझ्या मागून आंटी, एका हाताने काकांचं बोट धरलेल्या, दुसऱ्या हाताने गळ्यातला क्रूस मुठीत घेतलेल्या, स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "होय म्हाराजा."

काकांनी डोळे उघडले नाहीत. पुढचं वाक्य म्हणाले. या वेळी मीही म्हणालो, मास्तर म्हणाले, गॅलरी म्हणाली. मग नावं आली. पणज्याच्या आज्यापासून एक एक. शब्द कुणी दिला, कुणी पाळला, दुष्काळात कोण गाव सोडून गिरणीत आला आणि तरी राखण चुकवली नाही. प्रत्येक नावाला तीन मजल्यांची गॅलरी उत्तर देत होती. यांतल्या कितीकांनी आमचं गाव नकाशावरही पाहिलं नसेल. शेवटचं नाव माझ्या वडिलांचं होतं. "काय चुकला माकला असात ता पदरात घे आणि लेकरांका सुखी ठेव रे म्हाराजा." होय म्हाराजा. काका मागे टेकले. आंटींनी चिमटा पाहिला आणि काही न बोलता नळीचा वेग वाढवला.

लोक पांगले. मी काकांजवळ बसलो आणि म्हणालो, "पोचलं सगळं, काका. छान झालं."

"खोटा बोला नको," काका डोळे मिटूनच म्हणाले. "व्हाळ बंद झालो तेवाच माका कळला."

माझी मान खाली गेली. "मग तुम्ही थांबला का नाहीत?"

"थांबान कसा चालात? सुरू केला ता पुरा करूक होया." मग थोडा दम घेऊन, "आवाज बंद झालो म्हणान राखणदार काय थंयसून उठान गेलो?"

पंधरा मिनिटांनी बहिणीचा फोन आला. सडा चढून आलेली, धापा टाकत होती. मी स्पीकरवर टाकला. राउटरमध्ये दारू गेली, गेला तो गेलाच, म्हणाली. चुलतभाऊ बिचारा कानकोंडा होऊन बसला होता. त्याला वाटलं, मुंबईकरांनी यंत्र मुद्दाम दगडावर ठेवलंय, त्यालाही मान मिळावा म्हणून. मी विचारलं, मग तिथे गाऱ्हाणं अर्धंच राहिलं का?

तिने आधी दम घेतला. मग म्हणाली, "नाही. मी म्हटलं."

"तू?"

"सगळे नुसते उभे होते, दादा. कुणाला पुढचं येईना. मला येत होतं. कधी पाठ केलं नाही मी. बायकांना मागे उभं करायचे ना, तिथून दिसायचं काहीच नाही. मग ऐकत राहायचे."

मी काकांकडे पाहिलं. पन्नास वर्षांच्या राखणीत बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे आता पूर्ण उघडे होते. ते रागावतील असं मला वाटलं, आणि मीच आधी भांडायला तयार झालो.

"खंयसून म्हटलंस?" त्यांनी विचारलं.

"डाव्या अंगाच्या म्हाराजापासून, काका."

"म्हण बघया."

सड्यावर वारा असणार, तो फोनमध्ये फडफडत होता. त्यात बहिणीने सुरुवात केली. मालवणी ती घरी फारशी बोलत नाही, पण हे सगळं मालवणीत, काकांच्याच चालीत, जिथे ते दम घेत तिथेच दम घेऊन. पहिलं वाक्य संपवून ती सवयीने थांबली. आणि काका म्हणाले, "होय म्हाराजा."

आयुष्यात पहिल्यांदा मी काकांना उत्तर देताना ऐकलं. ती पुढे म्हणत गेली आणि ते दर वाक्याला उत्तर देत गेले, एकदा हळू, एकदा ठाम. पणज्याचा आजा, पणजा, आजा, एकही नाव चुकलं नाही. मी चार भिंतींच्या खोलीत बसून होतो. एक आवाज खाडीपलीकडच्या टॉवरवरून येत होता आणि दुसरा पलंगावरून, आणि मधली सगळी यंत्रं, खांब, सिमं, माझी नव्वद मीटर केबल, सगळं मला त्या क्षणी फार लहान वाटलं. खरी लाइन कधीचीच टाकलेली होती. मला ती दिसली नव्हती, आणि मी तर लाइन शोधण्याचा पगार घेतला होता.

माझ्या वडिलांच्या नावापाशी येऊन ती थांबली. काकांनी "होय म्हाराजा" म्हटलं. ती शेवटच्या वाक्याकडे वळणार तोच ते म्हणाले, "थांब. ल्हान भावाचा नाव आधी लागला, माझा मागसून लागतला. पुढल्या वर्साक ह्यापाठी माझा नाव घाल. विसरा नको."

हे त्यांनी साधं सांगितलं नाही, गाऱ्हाण्याच्या चालीत म्हटलं. आणि म्हणून थांबले. उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही रीत. फोनवर नुसता वारा ऐकू येत होता. आंटी दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या. काका माझ्याकडे बघत वाट पाहत होते.

मी पहिल्या रांगेतला. मला एवढंच येत होतं.

"होय म्हाराजा," मी म्हटलं.